संकेतार्थी क्रियारूपांचे अक्षरविभाजन

एक क्रिया झाली असती तर दुसरी झाली असती, असा संकेत दाखविणाऱ्या क्रियापदाच्या रूपास मराठी व्याकरणात संकेतार्थ म्हणतात. स्वार्थ, आज्ञार्थ आणि विध्यर्थ यांबरोबर हा क्रियापदाचा चौथा अर्थ होय. ‘गिरण्यांचा संप वेळीच मिटता, तर परळमधील भोंगे थांबले नसते’ या वाक्यात ‘मिटता’ हे साधे, तर ‘थांबले नसते’ हे संयुक्त संकेतार्थी रूप आहे. या रूपांच्या लेखनात आणि उच्चारात नियमित अंतर आढळते.

लेखन आणि उच्चार

‘असता’ हा शब्द तीन चिन्हांनी लिहिला जातो. बोलताना मात्र त्याचे ‘अस्-ता’ असे दोनच ध्वनिगट होतात. धातूच्या अंती असलेला ‘अ’ हा स्वर ‘ता, ती, ते, त्या’ या प्रत्ययांपूर्वी लोप पावतो. त्यामुळे ‘करता’ (कर्-ता), ‘बसती’ (बस्-ती), ‘नसत्या’ (नस्-त्या) असे विभाजन होते. ‘जाता’, ‘येता’ या रूपांत धातू दीर्घ स्वरान्त असल्याने लोप होत नाही.

प्रत्यय बदलला की लोपाची जागाही बदलते. ‘असत’ या रीतिभूतकाळी रूपाचा उच्चार ‘अ-सत्’ होतो. ‘समज’ (स-मज्), ‘समजा’ (सम्-जा) आणि ‘समजता’ (स-मज्-ता) या तीन रूपांत धातू एकच असून विभाजन तीन प्रकारचे आहे.

उच्चारावरून लिहिताना ‘अस्ता’ असे जोडाक्षर करणे अशुद्ध ठरते. ‘तो करता, तर’ यातील ‘करता’ आणि वाक्यातील ‘कर्ता’ हे शब्द कानाला सारखेच लागतात. त्यांतील भेद लेखनच राखते.

फ्रेंच भाषेतील समांतर उदाहरण

फ्रेंचमधील ‘दॉने’ (देणे) या क्रियापदाच्या संकेतार्थी रूपात मधला दुर्बल स्वर लिहिला जातो, परंतु नित्याच्या बोलण्यात तो गळून ‘दॉन्-रे’ असे दोन ध्वनिगट उरतात. एकवचनाची तिन्ही रूपे आणि तृतीय पुरुषी अनेकवचन यांची अंत्याक्षरे लेखनात एकसारखी नसली, तरी ही चारही रूपे अशीच ऐकू येतात. प्रथम पुरुषी अनेकवचनात मात्र तीन व्यंजने एकत्र येऊ नयेत म्हणून तो स्वर टिकतो आणि ‘दॉ-न-ऱ्यों’ असा उच्चार होतो. मराठीत ‘नसत्या’सारख्या रूपातही लोप होतोच.

पद्यातील उच्चार

पद्यात लोपलेला स्वर परत येतो. अक्षरगणवृत्तात ‘असता’ची गणना दोन लघू व एक गुरू अशा तीन अक्षरांनी होते. ते ‘अस्ता’ असे म्हटल्यास दोन गुरू होऊन वृत्त बिघडते. मात्रावृत्तात मात्र दोन्ही प्रकारे चारच मात्रा भरतात, म्हणून तेथे चूक कानाला सहसा जाणवत नाही. अभिजात फ्रेंच पद्यातही व्यंजनापूर्वीचा हा दुर्बल स्वर मोजला जातो. बोलण्यात दोन ध्वनिगटांचे असलेले रूप तेथे तीनांचे होते.

यामुळे गद्य वाचताना ‘अस्-ता’ आणि वृत्तबद्ध ओळ म्हणताना ‘अ-स-ता’ हे दोन्ही उच्चार आपापल्या जागी योग्य ठरतात.