मोठ्या इंजिनाचा पिकअप आणि इंधनाचा हिशेब

ऑक्टोबर 1973 मध्ये अरब देशांनी अमेरिकेचा तेलपुरवठा रोखला, तेव्हा तिथल्या पिकअप ट्रकांमध्ये, म्हणजे पुढे केबिन आणि मागे उघडा हौदा असलेल्या वाहनांमध्ये, फोर्डचे 460 आणि शेव्हरोलेचे 454 घनइंची, म्हणजे सुमारे साडेसात लिटरांचे, आठ सिलिंडरांचे इंजिन मिळत असे. अवजड ओझे ओढताना अशा इंजिनाची ताकद सार्थकी लागे. पण वाहन रिकामे धावत असताना चालकाचा पाय सैल होई, थ्रॉटल नावाची झडप हवेची वाट अरुंद करी आणि दट्ट्यांना त्या अडथळ्याविरुद्ध हवा ओढत राहावे लागे, त्यामुळे इंधनाचा बराच भाग इंजिनाचेच अंतर्गत घर्षण व ओढ भागवण्यात खर्ची पडे. पिकअपच्या इंधन-बचतीचा पुढचा सगळा इतिहास या कमी भाराच्या धावण्याभोवती फिरतो.

पहिला सरकारी उपाय वेगमर्यादेचा होता. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने 1974 च्या आरंभी देशभर ताशी 55 मैलांची, म्हणजे सुमारे 88 किलोमीटरची, कमाल मर्यादा ठरवण्यात आली आणि ती 1995 पर्यंत कायद्यात राहिली. डिसेंबर 1975 च्या कायद्याने कंपन्यांना त्यांच्या सर्व वाहनांच्या सरासरी मायलेजची अट घातली, परंतु मोटारींची अट वेगळी आणि हलक्या ट्रकांची वेगळी व सौम्य ठेवली. वजनाच्या सीमारेषांचे महत्त्व कंपन्यांनी आधीच ओळखले होते: फोर्डने 1975 च्या मॉडेलवर्षासाठी आणलेला एफ-150, भारासह 6,000 पौंडांच्या किंचित वर असल्यामुळे, धुरातील विषारी वायू कमी करणाऱ्या उत्प्रेरक उपकरणाच्या सक्तीतून सुटला. मायलेजच्या नियमाची रेषा पुढे 8,500 पौंडांवर गेली, तरी त्यापलीकडचे ट्रक, म्हणजे नेमके सर्वांत मोठ्या इंजिनांचे, मोकळेच राहिले.

तंत्रज्ञांनी मात्र दुखणे बरोबर ओळखले होते. डिझेल इंजिनात हवेची वाट थ्रॉटलने अडवावी लागत नाही, फक्त इंधन कमी-जास्त केले जाते, त्यामुळे कमी भारावर ते विशेष काटकसरी ठरते. जनरल मोटर्सने 1978 मध्ये ओल्ड्समोबिलचे 5.7 लिटरांचे डिझेल पिकअपमध्ये बसवले, पण सिलिंडरांचे झाकण धरणारे बोल्ट डिझेलच्या दाबाला पुरे पडले नाहीत आणि त्या अपयशाने अमेरिकी ग्राहकाच्या मनात डिझेलविषयी दीर्घकाळ अविश्वास राहिला. एका अर्धवट रचनेने चांगल्या तत्त्वाचे इतके नुकसान करावे, ही खेदाची गोष्ट आहे. 1989 च्या मॉडेलवर्षात डॉज ट्रकमध्ये आलेले कमिन्स कंपनीचे 5.9 लिटरांचे, सहा सिलिंडरांचे आणि टर्बो, म्हणजे धुराच्या झोतावर फिरून जादा हवा आत दाबणारा पंखा, असलेले डिझेल गमावलेला विश्वास परत मिळवू शकले, कारण ते मुळातच कष्टाच्या कामासाठी घडलेले होते.

पेट्रोल इंजिनांची वाट दुसरी होती. 1980 च्या दशकात ओव्हरड्राइव्ह गिअर, ज्यात इंजिन चाकांकडे जाणाऱ्या दांड्यापेक्षा हळू फिरते, सर्रास झाला आणि कार्बोरेटरची जागा मोजून इंधन फवारणाऱ्या यंत्रणेने घेतली. गरज नसताना काही सिलिंडर बंद ठेवण्याची कल्पना कॅडिलॅक मोटारीत 1981 मध्ये आली आणि तेव्हाच्या इलेक्ट्रॉनिक्सला न पेलल्याने फसली. शेव्हरोलेच्या सिल्व्हेराडोत ती 2007 च्या मॉडेलमध्ये व्यवहार्य होऊन परतली. इंजिनच लहान करून त्याला टर्बोची जोड देण्याचा मार्ग फोर्डने 2011 मध्ये एफ-150 साठी धरला आणि 2015 मध्ये ॲल्युमिनियमच्या बांध्याने वजनात 700 पौंडांपर्यंत घट केली. मालकांचा जुना घरगुती उपाय, मागचा फाळका उघडा ठेवून हवेचा विरोध कमी करण्याचा, बहुधा निष्फळ होता, कारण बंद हौद्यात हवेचा भोवरा तयार होतो आणि वरची हवा त्यावरून सरकत जाते.

8,500 पौंडांवरील पिकअपना इंधनवापराची पहिली राष्ट्रीय मर्यादा 2011 मध्ये जाहीर झाली आणि 2014 च्या मॉडेलवर्षापासून क्रमाने लागू होऊ लागली. पण विक्रीच्या वेळी काचेवर मायलेजचा आकडा लावण्याची जी सक्ती हलक्या वाहनांना आहे, ती या ट्रकांना तेव्हाही लागू झाली नाही.