ठोकलेली अक्षरे, ओतलेले आकडे

शेव्हरोलेच्या 1969 सालच्या कॅमेरो गाडीचा ओळख क्रमांक डॅशबोर्डच्या डाव्या टोकाला, समोरच्या काचेतून वाचता येईल असा बसवलेला असतो. त्याची सुरुवात 124379एन अशी असेल, तर 1 म्हणजे शेव्हरोले, 24 म्हणजे व्ही-8 इंजिनाची कॅमेरो, 37 म्हणजे कूपे, 9 म्हणजे सालाचा शेवटचा आकडा आणि एन म्हणजे ओहायो राज्यातील नॉरवूडचा कारखाना. पुढे गाडीचा अनुक्रमांक येतो. इंजिन व्ही-8 आहे एवढे कळते. ते 307 घनइंचांचे साधे की 427 घनइंचांचे दांडगे, याचा पत्ता लागत नाही. जनरल मोटर्सच्या गाड्यांच्या क्रमांकात इंजिनाची खूण आली ती 1972 पासून.

सगळा घोळ इथे सुरू होतो, कारण याच वर्षीची झेड/28 ही आज संग्राहकांना हवीहवीशी असलेली गाडी कागदोपत्री एक साधी व्ही-8 कॅमेरोच आहे. झेड28 हा मागणीपत्रकातला पर्यायाचा क्रमांक. पुढे तोच नाव होऊन बसला. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकाच्या ट्रान्स-ॲम शर्यतीत इंजिनाला पाच लिटरची, म्हणजे 305 घनइंचांची मर्यादा होती. शेव्हरोलेने 327 इंजिनाचा 4 इंची बोअर आणि 283 इंजिनाचा 3 इंची स्ट्रोक एकत्र आणला, हिशेब सुमारे 302 घनइंचांवर थांबला. 1967 मध्ये अशा 602 गाड्या निघाल्या. 1969 च्या उत्पादनाचे मात्र दोन आकडे छापलेले सापडतात, 19,014 आणि 20,302. यांतला दुसरा नंतरच्या अभ्यासकांनी स्वीकारलेला आहे. एकूण आकड्याचीच ही गत, तर एकेका गाडीची काय सांगावी! पाँटियाकच्या गाड्यांची कारखान्यातली बिले टिकली आहेत आणि कॅनडात विकल्या गेलेल्या शेव्हरोले गाड्यांची माहिती जनरल मोटर्सच्या तिथल्या शाखेकडे आहे. अमेरिकेत विकल्या गेलेल्या कॅमेरोंसाठी तसे दप्तर अभ्यासकांच्या हाती नाही. तेव्हा साक्ष काढायची ती लोखंडाकडूनच.

पहिला साक्षीदार म्हणजे ब्लॉकच्या पुढच्या बाजूची, उजव्या सिलिंडर हेडसमोरची बोटभर सपाट पट्टी. अल्टरनेटरच्या आडोशाला असल्यामुळे तिच्यावर तेलकट काजळी साचलेली असते. ती पुसली की ठोकलेली अक्षरे दिसतात. समजा, व्ही0221डीझेड अशी आहेत. व्ही म्हणजे मिशिगनमधील फ्लिंटचा इंजिन कारखाना, 0221 म्हणजे 21 फेब्रुवारी, डीझेड म्हणजे 1969 च्या कॅमेरोसाठीचे 302. तारीख आहे, साल नाही. शेजारी किंवा तेलाच्या फिल्टरजवळ 19एन आणि सहा आकडे असतील, तर तो गाडीच्या ओळख क्रमांकाचा संक्षेप होय. तो डॅशबोर्डवरच्या क्रमांकाशी जुळला की विक्रेता खूश होतो. आपण एवढ्यावर खूश होऊ नये. ठोकलेले अक्षर कुणालाही ठोकता येते. त्यासाठी लागतो हातोडा आणि अक्षरांचे पंच.

म्हणून अक्षरांआधी पट्टी वाचायची. कारखान्यात ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग ब्रोचिंग यंत्राने तासला जाई. त्या यंत्राच्या दातांच्या बारीक, समांतर रेघा पट्टीवर पुढून मागे गेलेल्या असतात. तिरपा उजेड टाकून भिंगातून पाहावे. रेघा अखंड असतील आणि अक्षरे त्यांच्यावर उमटलेली असतील, तर साक्ष बळकट. रेघांऐवजी गोल ओरखडे किंवा पॉलिश पेपरची घासण दिसली, तर मूळ पृष्ठभाग गेला हे निश्चित. तो लबाडीने घालवला की दुरुस्तीत गेला, हे मात्र पट्टी सांगत नाही. इंजिन उघडून ब्लॉकला फेसिंग मारताना प्रामाणिक मिस्त्रीच्या हातूनही रेघा आणि अक्षरे दोन्ही नाहीशी होतात.

दुसरा साक्षीदार मागे, गिअरबॉक्स जोडतात त्या कडेशी असतो. इंजिन गाडीत असताना तो आरसा आणि विजेरी घेऊनच पाहावा लागतो. हे आकडे ओतीव, लोखंडातून वर आलेले असल्यामुळे बनवायला फार अवघड, आणि माझा भरवसा यांच्यावर अधिक आहे. एका बाजूला साच्याचा क्रमांक, दुसऱ्या बाजूला ओतकामाची तारीख: बी 12 9. ए ते एल ही बारा महिन्यांची अक्षरे, म्हणजे बी फेब्रुवारी, मग दिवस, मग सालाचा एकच आकडा. दशक कोणते ते आपण ठरवायचे.

1969 च्या 302 साठी वापरलेल्या साच्यांपैकी एकाचा क्रमांक 3970010. हाच साचा 350 घनइंची इंजिनांसाठी सत्तरच्या दशकभर चालू राहिला. त्यामुळे 3970010 आणि बी 12 9 एवढ्यावरून ब्लॉक 12 फेब्रुवारी 1969 चा म्हणावा, तर तो 12 फेब्रुवारी 1979 चाही असू शकतो. दोन्हींचा बोअर तोच, 4 इंच. फरक आत आहे. हेड उतरवून पिस्टनचा प्रवास मोजला, तर 302 मध्ये 76.2 मिलिमीटर भरतो आणि 350 मध्ये सुमारे 88.4. हे मोजमाप खोटे बोलत नाही, पण तेही क्रँकशाफ्टपुरतेच. 302 चा पोलादी फोर्ज्ड क्रँक दुसऱ्या ब्लॉकमध्ये बसवता येतो. हेडवरचा 3927186 असो की ॲल्युमिनियमच्या इनटेक मॅनिफोल्डवरची विंटर्स फाउंड्रीची हिमकणाची खूण असो, तो तो भाग योग्य घराण्यातला आहे एवढेच त्यातून ठरते. तो याच गाडीवर जन्मला, हे नाही.

उरतो तारखांचा क्रम, आणि मला सर्वांत आवडते ती हीच कसोटी. ब्लॉक आधी ओतला जातो, मग इंजिन जुळते, मग ते गाडीत चढते. 12 फेब्रुवारीला ओतलेले, 21 ला जुळलेले इंजिन, आणि बॉनेटखाली मागच्या पत्र्यावरच्या बिल्ल्यावर 02डी, म्हणजे फेब्रुवारीचा चौथा आठवडा: सुसंगत. बिल्ल्यावर 01बी असते, तर इंजिन नंतर आलेले. या मॉडेलचे उत्पादन नोव्हेंबर 1969 पर्यंत लांबले होते, पण डिसेंबरात ओतलेला ब्लॉक त्यात मूळचा असणे शक्य नाही. उलट के 12 8, म्हणजे 12 नोव्हेंबर 1968, पाहून बिचकू नये; 1969 चे मॉडेल आदल्या वर्षीच बाजारात आले होते.

बिल्ल्यावर आणखी एक गोष्ट सापडू शकते. नॉरवूडने डिसेंबर 1968 च्या सुमारास त्यावर एक्स33 आणि एक्स77 असे संकेत घालायला सुरुवात केली. दोन्ही झेड/28 चे. त्याआधीच्या गाड्यांवर आणि लॉस एंजेलिसच्या कारखान्यातल्या गाड्यांवर ते नाहीत, म्हणून तिथे संकेत नसण्याचा काहीच अर्थ काढता येत नाही. शिवाय बिल्ला दोन रिव्हेटांवर टिकलेला, आणि नवे बिल्ले बनवून मिळतात. त्यापेक्षा पेट्रोलच्या टाकीवर कधीकधी चिकटून राहिलेला, कामगारांसाठीचा जुळणीचा कागद किंवा वॉरंटीच्या पुस्तिकेतली, उठावाच्या अक्षरांची धातूची पट्टी हाती लागली तर ती मोलाची, कारण तिच्यावर इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या ॲक्सलचे संकेत एकत्र येतात.

ब्लॉकच्या पट्टीवर सीई ही अक्षरे निघाली, तर ते कारखान्याने बदली म्हणून दिलेले इंजिन. शर्यतीत वापरलेल्या गाड्यांत असे सापडले तर नवल नाही. ते खरे आहे, मूळचे नाही. आणि पट्टी गुळगुळीत असेल, पण चार गिअरच्या मन्सी बनावटीच्या गिअरबॉक्सवर गाडीचाच संक्षिप्त क्रमांक आणि मागे बारा बोल्टांचा ॲक्सल असेल, तर निकाल दोन भागांत लिहावा लागतो. गिअरबॉक्स मूळचा, आणि झेड/28 ला चार गिअरचा बॉक्स सक्तीचा असल्याने गाडीचा दावा जिवंत. पण चार गिअर इतर कॅमेरोंनाही मिळत, तेव्हा तो सिद्ध नाही. इंजिनापुढे ‘302 जातीचे, मूळ असल्याचा पुरावा नाही’ एवढेच लिहावे.