हातभर आतड्याची हकीकत

रोगी शुद्धीवर आला, जखम भरली आणि तो आपल्या पायांनी घरी गेला म्हणजे शस्त्रक्रिया यशस्वी झाली असे म्हणण्याचा प्रघात आहे. आंत्रपुच्छाच्या दुखण्याला तो पुष्कळ अंशी शोभतो. परंतु अतिस्थूल माणसाचे वजन उतरावे एवढ्याचसाठी निरोगी आतड्यावर शस्त्र चालविण्याचा जो उद्योग विसाव्या शतकाच्या मध्याला सुरू झाला, त्याचा निवाडा रोगी घरी गेल्यानंतरच्या दहा-वीस वर्षांत दडलेला होता, आणि तितका काळ थांबण्याची सवय ना शल्यविशारदांना होती, ना रुग्णालयांच्या दप्तरांना.

स्वीडनमध्ये गोथेनबर्ग येथे 1952 साली व्हिक्टर हेन्रिकसन यांनी एका स्थूल स्त्रीचे सुमारे 105 सेंटिमीटर लहान आतडे कापून काढले. त्याच सुमारास अमेरिकेत मिनेसोटा येथे क्रेमेन, लिनर आणि त्यांचे सहकारी, लहान आतड्याचा कोणता भाग गेला असता अन्नातील कोणता अंश शोषावयाचा राहतो, याचा तपास कुत्र्यांवर प्रयोग करून घेत होते. शेवटचा भाग निरुपयोगी केल्यास स्निग्धांश अंगी लागत नाही व जनावर रोडावते असे त्यांना आढळले. 1954 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात एका रोग्याचा वृत्तांतही जोडलेला होता. कुत्र्यापासून माणसापर्यंतचे अंतर इतक्या लवकर कापले गेले, याचे त्या काळी कोणाला फारसे नवल वाटलेले दिसत नाही.

पुढे 1956 पासून लॉस एंजेलिसचे पेन आणि डीविंड यांनी लहान आतड्याचा आरंभीचा तुकडा थेट मोठ्या आतड्यालाच जोडून पाहिला. मूळ बेत मुदतीचा होता: वजन इच्छित आकड्यावर उतरले की पोट पुन्हा उघडावयाचे आणि मार्ग पूर्ववत करावयाचा. वजन उतरले खरे; पण न आवरणारे जुलाब, शरीरातील क्षारांचा ऱ्हास आणि यकृताचा बिघाड यांनी रोगी हैराण झाले, आणि ज्यांचा मार्ग पूर्ववत केला त्यांचे गेलेले वजन मुकाट्याने परत आले. 1963 सालच्या अहवालात हे सारे त्यांनी नमूद केले आहे, आणि या संपूर्ण इतिहासातील सर्वांत प्रामाणिक कागद मला तोच वाटतो. मात्र त्यावरून निघालेला निष्कर्ष चमत्कारिक होता. मुदतीचा उपाय फसला, सबब तो सौम्य करून तहहयात करावा, असे ठरले. आणि 1969 साली त्यांनी जी जुळणी मांडली तीत आरंभीचे 14 इंच आणि अखेरचे 4 इंच एवढेच आतडे अन्नाच्या वाटेवर राहिले. 18 इंच म्हणजे आपल्या जुन्या मापाने बरोबर एक हात. उरलेले कित्येक हात आतडे पोटातच, पण बंद गल्लीसारखे पडून राही.

ही शस्त्रक्रिया हजारो लोकांवर झाली आणि तिचे उपद्रव सावकाश, एकेक करून दारात आले. त्यांतील मूतखड्याचे प्रकरण तपशिलाने पाहण्याजोगे आहे. पालक, चहा, अळू यांत ऑक्झलेट असते. नीट न शिजलेल्या अळूने घशाला खाज सुटते ती त्याच्याच चुन्याशी झालेल्या संयुगाच्या सुयांमुळे. एरवी अन्नातला चुना आतड्यातच या ऑक्झलेटला पकडून ठेवतो आणि दोन्ही मळावाटे निघून जातात. पण स्निग्धांश शोषलाच न गेल्यामुळे तो चुन्याला बांधून त्याचा साबण करी, ऑक्झलेट मोकळे राही, मोठ्या आतड्यातून रक्तात शिरे, आणि शेवटी मूत्रपिंडात जाऊन खडा होऊन बसे. काहींच्या बाबतीत मूत्रपिंडच हळूहळू निकामी होई. तिकडे त्या बंद गल्लीत जंतूंची बेसुमार वाढ होऊन सांधे सुजत आणि अंगावर पुरळ उठे. यकृताच्या विकाराने तर कित्येक दगावले. पुष्कळांचे आतडे पुन्हा पहिल्यासारखे जोडून द्यावे लागले, आणि ही पद्धत अखेर मागे पडली.

आयोवा विद्यापीठाचे एडवर्ड मेसन यांची वाट निराळी होती. व्रणासाठी जठराचा भाग काढलेल्या स्त्रियांचे वजन उतरलेलेच राहते या निरीक्षणावरून त्यांनी 1966 साली जठराची लहानशी पिशवी करून तिला आतडे जोडले. येथे अन्नाचा मार्ग थोडाच वगळला जाई, म्हणून यकृत वाचले. तथापि लोह व ब-12 जीवनसत्त्व यांची तूट, गोड खाल्ल्याबरोबर येणारी घेरी व घाम, जठर-आतड्याच्या जोडावरचा व्रण, आणि वर्षानुवर्षांनी आतड्याचा वेढा एखाद्या फटीत अडकणे, हे नवे भोग आले. मेसन यांचे मोठेपण मला त्यांच्या शस्त्रापेक्षा त्यांच्या वहीत अधिक दिसते: 1986 साली त्यांनी अशा रोग्यांची देशव्यापी नोंदवही सुरू केली.

अशा नोंदींतून निघालेले हिशेब एकेरी नाहीत. युटा राज्यातील 2007 सालच्या पाहणीत शस्त्रक्रिया झालेल्यांचे एकंदर मृत्युमान सुमारे 40 टक्क्यांनी कमी आढळले, मधुमेहाने होणारे मृत्यू तर फारच घटले. पण अपघात, आत्महत्या आदींनी होणारे मृत्यू त्यांच्यांत वाढलेले होते. स्वीडनमध्ये 1987 पासून सुमारे 2,000 शस्त्रक्रिया झालेले आणि तितकेच न झालेले रोगी डोळ्यांखाली ठेवण्यात आले. 2020 साली जाहीर झालेला आकडा असा की शस्त्रक्रियेने आयुष्य सरासरी 3 वर्षांनी वाढले, तरीही ते सर्वसाधारण लोकांच्या आयुष्याहून साडेपाच वर्षांनी उणेच राहिले. या रोग्यांपैकी बहुतेकांवर झालेली शस्त्रक्रिया म्हणजे मेसन यांनीच 1980 साली काढलेली, जठराला टाके व पट्टी घालण्याची पद्धत. निकाल हाती आला तेव्हा ती जवळजवळ बंद पडली होती, आणि तिच्या जागी आलेल्या, जठराची केवळ एक नळी ठेवून बाकीचा भाग कापून टाकणाऱ्या शस्त्रक्रियेचे वीस वर्षांचे दप्तर अजून पुरते भरलेही नव्हते.