तालाची घरे

ताल यंत्राने धरावा, ही हौस विजेहून जुनी आहे. अल्-जझारीने 1206 साली वर्णिलेल्या नौकेत फिरत्या दांड्यावरील खुंट्या वादक-बाहुल्यांचे हात हलवीत. खुंटी जेथे, ठोका तेथे. 1980 साली जपानच्या रोलँड कंपनीने टी.आर.-808 यंत्रात खुंट्यांच्या जागी 16 बटणे मांडली. त्याच वर्षी अमेरिकेत रॉजर लिन यांच्या यंत्राने खऱ्या ढोलांचे आवाज साठविले. 1982 साली मुंबईत चरणजितसिंग यांनी 808च्या ठेक्यावर दहा राग वाजविले. त्रितालाच्या 16 मात्रा त्या रांगेत चपखल बसतात; रूपकाच्या 7 तशा बसत नाहीत.

2021 साली निघालेल्या पिको या बोटाएवढ्या पट्टीची स्मृती 264 किलोबाइट. सेकंदास 22,050 एकबाइटी नमुने धरून आम्ही हिशेब केला, तर ती जेमतेम 12 सेकंदांत भरते. पण संबळाच्या ठोक्यास अर्धा सेकंदही पुष्कळ! सावद्याच्या मुलाने असे यंत्र स्वतः जुळविले, तर आवाज गावच्या संबळाचा राहील आणि घरे 16 की 7, हेही तोच ठरवील. यंत्राचे भय धरण्यापेक्षा त्याच्या खुंट्या आपल्या हाती ठेवाव्यात, हेच आम्हांस श्रेयस्कर वाटते.