'ओके'चे बटण पडद्याबाहेर गेले? छोट्या स्क्रीनवर हे करून पाहा

अर्ज भरून झाला, फोटो आणि सही अपलोड झाली. पण खाली 'सबमिट'चे बटणच दिसत नाही. मुदतीचा शेवटचा दिवस असेल तर घाम फुटतो. मग बरेच जण विंडो बंद करून सगळे पुन्हा भरायला बसतात. तशी गरज नसते. बटण गायब झालेले नसते, ते फक्त पडद्याच्या बाहेर असते.

असे का होते?

घरी आणि झेरॉक्सच्या दुकानांत १३६६ बाय ७६८ पिक्सेलचे जुने लॅपटॉप आजही वापरात आहेत. काही प्रोग्रामच्या विंडोचे माप मात्र ठरलेले असते, ती लहान होत नाही. त्यात अक्षरे मोठी दिसावीत म्हणून 'स्केल' १२५ टक्के ठेवले, की ७६८ची उंची जेमतेम ६१४ पिक्सेलइतकीच उपयोगी पडते. १५० टक्क्यांना ती ५१२वर येते. खालचा टास्कबार यातूनच आपली जागा घेतो.

ब्राउझरमध्ये अर्ज असेल तर

कंट्रोल धरून वजाचे बटण दाबा. पान लहान होत जाते आणि खालचा भाग वर येतो. काम झाल्यावर कंट्रोल आणि शून्य दाबले की पान पूर्ववत होते. एफ ११ दाबल्यास पान पूर्ण पडद्यावर पसरते. परत यायलाही तेच बटण.

प्रोग्रामची विंडो असेल तर

विंडोजमध्ये ऑल्ट धरून स्पेसबार दाबा. छोटा मेनू उघडेल. त्यातील 'मूव्ह' निवडा आणि बाणाच्या बटणांनी विंडो वर सरकवा. हवे ते दिसले की एंटर दाबा. 'मूव्ह' फिके दिसत असेल, तर विंडो आधीच पूर्ण मोठी केलेली आहे. आधी 'रिस्टोअर' करा.

विंडो हलतच नसेल, तर टॅब दाबत पुढे जा. प्रत्येक वेळी पुढचा रकाना किंवा बटण निवडले जाते; स्पेसबारने ते दाबता येते. पण न दिसणारे बटण अंदाजाने दाबताना जपून. 'ओके'च्या शेजारीच बहुधा 'कॅन्सल' असते. एस्केप तर दाबूच नका, भरलेले सगळे जाऊ शकते.

दुसरा मॉनिटर काढल्यावर विंडो तिकडेच अडकली असेल, तर ती निवडून विंडोज, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण एकत्र दाबून पाहा.

कायमचा उपाय

डेस्कटॉपवर राइट क्लिक करून 'डिस्प्ले सेटिंग्ज'मध्ये 'स्केल' १०० टक्के करा. अक्षरे बारीक वाटली, तर काम झाल्यावर पुन्हा वाढवा. टास्कबार आपोआप लपण्याची सोयही सेटिंग्जमध्ये आहे. तेवढीच थोडी उंची वाढते.

शेवटी एक लक्षात ठेवा. बटण दाबले म्हणजे अर्ज गेलाच असे नाही. अर्ज क्रमांक किंवा पोचपावती पडद्यावर आल्याशिवाय विंडो बंद करू नका.