खडकी बोलायची, दौंड ऐकायचं

जामनेरहून बोलतोय. आज तुमच्या हातातल्या मोबाइलच्या पणजोबांची गोष्ट.

१९२७ साली भारत-इंग्लंड 'बीम' बिनतारी सेवा सुरू झाली. संदेश केबलऐवजी लघुलहरींवर, थेट हवेतून जाऊ लागले. पाठवणारं केंद्र होतं खडकीला, ऐकणारं मात्र थेट दौंडला. इतकं लांब का? शेजारी डीजे दणदणत असताना कुणी कानात कुजबुजलं, तर ऐकू येईल का? तसंच! विलायतेहून येणारा क्षीण संदेश खडकीच्या प्रक्षेपकाच्या आवाजात बुडाला असता.

पुढे १९७१ मध्ये नारायणगावजवळ आर्वीला सुमारे ३० मीटरची तबकडी उभी राहिली. ती ३६,००० किलोमीटरवरच्या उपग्रहाशी बोलायची. आर्वीपासून जवळच, खोडदला, आज जीएमआरटीच्या ४५ मीटरच्या ३० तबकड्या फक्त ऐकतात, अवकाशातल्या रेडिओलहरी. रेडिओ-गोंगाट कमी म्हणून ही जागा निवडली होती. तिथे आपला मोबाइल म्हणजे डीजेच.

आता टॉवर वाढतायत, इंटरनेटचे उपग्रहही वाढतायत. गावोगावी रेंज हवीच, आम्हालाही हवी. पण ऐकायला शांत माळ कुठे राखायचा, हे आत्ताच ठरवायला हवं. तुम्हाला काय वाटतं? नक्की कळवा.