आयर्लंडमधील वंशशोधन : बंडाची व जमीनदारीची दप्तरे

आयरिश कुटुंबांचे पूर्वज शोधण्याची, सरकारी व खासगी दप्तरांवर आधारलेली अभ्यासपद्धती. जून १९२२ मध्ये यादवी युद्धात डब्लिनच्या ‘फोर कोर्ट्‌स’मधील सार्वजनिक अभिलेखागार भस्मसात झाले. १८२१ ते १८५१ च्या जनगणनेचे बहुतेक कागद त्यात गेले. १८६१ ते १८९१ ची जनगणनापत्रके सरकारनेच नष्ट केली होती. संपूर्ण देशाची जुन्यात जुनी उपलब्ध जनगणना १९०१ ची आहे. त्यामुळे इतर दप्तरांचे मोल मोठे आहे.

बंडाची दप्तरे : ब्रिटिश सत्तेविरुद्ध युनायटेड आयरिशमेन संघटनेने केलेल्या १७९८ च्या उठावासंबंधी खबऱ्यांची पत्रे, दंडाधिकाऱ्यांचे अहवाल, कैद्यांचे जबाब व दयेचे अर्ज डब्लिनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. उठावात झालेल्या नुकसानीची भरपाई मागणाऱ्या राजनिष्ठांच्या याद्यांत नाव, गाव व व्यवसाय सापडतो.

जमीनदारीची दप्तरे : खंडवह्या, भाडेपट्टे, नकाशे व कारभाऱ्यांचा पत्रव्यवहार यांत सामान्य कुळांची नावे येतात. ‘तीन हयातींचा पट्टा’ विशेष उपयोगी आहे. त्यात नमूद केलेल्या तिघांपैकी शेवटची व्यक्ती मरेपर्यंत पट्टा चाले. कुळे बहुधा आपल्या मुलांची नावे घालत आणि त्यांची वयेही कधी कधी लिहिली जात. ही दप्तरे मुख्यतः डब्लिनचे राष्ट्रीय ग्रंथालय व बेलफास्टचे अभिलेखागार येथे आहेत.

शोध घेताना प्रथम कुटुंबाचे ‘टाउनलँड’, म्हणजे जमिनीचा सर्वांत लहान प्रशासकीय विभाग, निश्चित करतात. १८४७ ते १८६४ दरम्यान प्रसिद्ध झालेल्या ‘ग्रिफिथचे मूल्यांकन’ या करआकारणीसाठी केलेल्या जमीन व घरांच्या नोंदीत जमीन कसणाऱ्यासमोर जमीन देणाऱ्याचेही नाव असते. त्यावरून योग्य जमीनदारीचे दप्तर गाठता येते.